राज्याच्या टोकाला, बाजाराच्या मध्यावर

(हैदराबादेत शिकणाऱ्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला आज "सीमाभागातल्या तरुणांचं स्थलांतर" या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण स्थलांतर म्हणजे काय, हे या खोलीत कुणाला समजावून सांगायचं? भालकी, औराद, बसवकल्याण, उदगीर, देगलूर, धर्माबाद... इथं बसलेला प्रत्येक जण त्या विषयाचं चालतंबोलतं उदाहरण आहे. म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेतलाय. माणसं कामाकडे जातात, हे आपल्याला माहीत आहे. काम माणसांकडे कधी येतं? एखादी कंपनी आपल्यासारख्या छोट्या गावाशेजारी का येते, आणि का येत नाही?

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळे नकाशापासून सुरुवात करते.

१ नोव्हेंबर १९५६ ला निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तेव्हा बीदर या एका जिल्ह्याचे तीन भाग झाले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात गेले. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर तालुक्यातलं न्याळकल सर्कल तेवढं कापून आंध्राला जोडलं. न्याळकल हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

भाषेच्या दृष्टीनं या वाटणीत काय चुकलं, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. पण या वाटणीनं आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. जो जिल्हा एका राज्याच्या मधोमध होता, तो तीन राज्यांच्या टोकाला गेला. राजधानीतून बघितलं की टोक लांब दिसतं. बीदर ते बेंगळुरू सातशेच्या आसपास किलोमीटर. उदगीरहून मुंबई गाठायला अख्खी रात्र जाते. मंत्रालयात किंवा विधानसौधात जेव्हा "उद्योग कुठं द्यायचा" ही चर्चा होते, तेव्हा नकाशावर बोट शेवटी आपल्यावर येतं, आणि तोपर्यंत बैठक संपलेली असते.

आता दुसरा नकाशा बघा. बीदर ते हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत. जहीराबाद ते बीदर तीस. निजामाच्या काळातली रेल्वेलाईन आजही विकाराबादहून निघते आणि जहीराबाद, बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर, लातूर रोड करत परळीला जाते. राज्यं तीन, रूळ एकच. आमच्या घरची तूर भाव बघून कधी भालकीला विकली जाते, कधी उदगीरच्या मोंढ्यावर. तुरीला डोमिसाईल लागत नाही.

म्हणजे राज्याच्या नकाशावर आपण टोकाला आहोत, पण बाजाराच्या नकाशावर मध्यावर. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे : कंपनी दुसरा नकाशा बघून येते, आणि आपण मात्र आजवर फक्त पहिलाच नकाशा पुढं करून रडत आलोय.

हैदराबादेत राहतो तर हैदराबादकडूनच शिकू या. या शहरानं कंपन्या कशा आणल्या? ठरलेलं उत्तर असं असतं की चंद्राबाबू नायडू आले, हायटेक सिटी झाली, नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, मायक्रोसॉफ्ट आलं, आणि माधापूर नावाचं खडकाळ गाव बदलून गेलं. हे खरं आहे, पण अर्धंच खरं आहे. त्याच्या तीस वर्षं आधी, साठच्या दशकात, इथं सरकारी कारखाने उभे राहिले होते. बालानगरला औषधांचा आयडीपीएल, रामचंद्रापुरमला भेल, १९६७ मध्ये ईसीआयएल. या कारखान्यांनी एक पिढी तयार केली. डॉ. रेड्डीज ही कंपनी १९८४ मध्ये सुरू करणारे अंजी रेड्डी आधी आयडीपीएलमध्येच होते. हैदराबाद औषधांची राजधानी झाली त्यामागं ती तयार माणसं आहेत. कंपनी इमारत बघून येत नाही, हाताखाली मिळणारी माणसं बघून येते.

वरंगळचं उदाहरण घ्या. सायंट ही मुळात हैदराबादची कंपनी. २०२० मध्ये तिनं वरंगळला केंद्र सुरू केलं, टेक महिंद्रानंही केलं. वरंगळच का? तिथं १९५९ पासून इंजिनिअरिंगची मोठी संस्था आहे, जिला आज एनआयटी म्हणतात. शिवाय हैदराबाद रस्त्यानं तीन तासांच्या अंतरावर. हे कुठून उचलून आणलेलं ऑफिस नव्हतं, शेजारच्या शहरातल्या कंपनीनं काढलेली दुसरी शाखा होती. छोट्या गावांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपण कायम स्वप्न बघतो ते कुणीतरी मोठा उद्योगपती हेलिकॉप्टरनं उतरेल याचं. प्रत्यक्षात आपल्याला मिळण्यासारखी गोष्ट म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या मध्यम कंपनीचं दुसरं युनिट.

विमान पाठवून कंपनी आणल्याचं उदाहरणही आहे, तेही सांगते. केरळमध्ये किझक्कंबलम नावाच्या गावात किटेक्स ही कपड्यांची कंपनी. २०२१ मध्ये सरकारी तपासण्यांचा त्रास होतो असं म्हणत तिनं केरळमधली ३,५०० कोटींची प्रस्तावित गुंतवणूक मागं घेतली. तेलंगणा सरकारनं खास विमान पाठवून साबू जेकब यांना हैदराबादला आणलं. आधी १,००० कोटींची घोषणा, मग ती २,४०० कोटींवर गेली. सगळ्या वाहिन्यांनी विमान दाखवलं. पण वरंगळजवळ गीसुगोंडा भागात काकतीय मेगा टेक्स्टाईल पार्कची पायाभरणी २०१७ मध्येच झाली होती, हे फार कुणी दाखवलं नाही. जमीन तयार होती, आजूबाजूला कापूस होता. विमान उतरायला धावपट्टी आधी लागते, तसंच हे.

त्या पार्कमागं आपल्या ओळखीची एक गोष्टही आहे. सोलापुरात आणि भिवंडीत जे तेलुगू विणकर पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यातल्या कितीतरी घरांची मुळं वरंगळ-करीमनगर पट्ट्यात आहेत. गावात यंत्रमाग नाही, म्हणून माणूस निघून गेला. पार्क उभारताना तेलंगणा सरकार सांगत होतं की सुरत, भिवंडी, सोलापूरला गेलेले आमचे विणकर परत आणू. हुनर एकदा गाव सोडून गेला की त्याला परत बोलवायला सरकारला पार्क बांधावं लागतं. आपण इथं बसलेले लोक म्हणजे बीदर-उदगीरचा तसाच बाहेर पडलेला हुनर आहोत. फरक एवढाच की आपण अजून एका रात्रीच्या नाही, एका दुपारच्या अंतरावर आहोत.

आता न्याळकल.

हैदराबादचा उद्योग मुंबई रस्त्याला धरून हळूहळू बाहेर सरकत आलाय, हे तुम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं असेल. सनतनगर, मग रामचंद्रापुरम, मग पटणचेरू, मग संगारेड्डी, मग जहीराबाद. जहीराबादला महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. त्याच्या पुढं न्याळकल आणि झरासंगम या मंडलांत राष्ट्रीय गुंतवणूक व उत्पादन क्षेत्र, म्हणजे निम्झ, आखलं गेलं. साडेबारा हजार एकरांहून जास्त जमीन. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या १२ नव्या औद्योगिक शहरांना २८,६०२ कोटींची मंजुरी दिली, त्यात जहीराबाद आहे. म्हणजे १९५६ साली बीदर तालुक्यातून कापलेलं न्याळकल आज देशाच्या औद्योगिक नकाशावर आहे. उरलेलं बीदर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण वेगळ्या राज्यात. माती तीच, पाऊस तोच, बोलीसुद्धा बरीचशी तीच.

हे ऐकून आपल्यातल्या काहींना वाटेल, चला, आपणही तेलंगणात असतो तर बरं झालं असतं. नांदेडच्या सीमेवरच्या काही गावांनी २०२२ मध्ये तशी भाषा केलीच होती, तिकडच्या योजना बघून. मी म्हणते, थांबा. न्याळकलच्या शेतकऱ्याला विचारा. निम्झच्या जमिनीच्या मोबदल्यावरून तिथं वर्षानुवर्षं आंदोलनं चालली. २०२४ मध्ये त्याच मंडलातल्या काही गावांत औषध उद्योगासाठी जमीन घ्यायचं चाललं, तेव्हा लोक पुन्हा रस्त्यावर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या लगचर्लाला अधिकारी जमिनीबद्दल बोलायला गेले आणि त्यांच्यावर हल्ला झाला. गाव खुद्द मुख्यमंत्र्यांच्या मतदारसंघातलं. शेवटी ती अधिसूचना मागं घ्यावी लागली. आणि पटणचेरूच्या नाल्यांचं नव्वदच्या दशकात काय झालं, हे प्रदूषणावरच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीच्या वासाबद्दल तर आपल्यातले बीदरचे लोकच सांगतील.

म्हणून "कंपनी आणा" एवढीच मागणी अर्धवट आहे. कोणती कंपनी, किती पाणी पिणारी, सांडपाणी कुठं सोडणारी, आणि कामावर कुणाला घेणारी, हे आधी ठरलं पाहिजे. जमीन गेल्यावर अट घालता येत नाही, विनंती करता येते.

"कुणाला घेणारी" हा आपल्यासाठी सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं. खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि बाकीच्या ७० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक कोण? जो राज्यात जन्मला, १५ वर्षं राहिला, ज्याला कन्नड बोलता, लिहिता, वाचता येतं. माध्यमिक प्रमाणपत्रात कन्नड विषय हवा, नाहीतर परीक्षा द्यायची. उद्योगांनी ओरड केली, नॅसकॉमनं विरोध केला, आंध्रचे मंत्री नारा लोकेश यांनी लगोलग त्या कंपन्यांना विशाखापट्टणमला यायचं जाहीर आमंत्रण दिलं, आणि दोन दिवसांत विधेयक थांबवण्यात आलं. थांबलंय, संपलेलं नाही.

आता यात आपण कुठं बसतो ते बघा. कर्नाटकातल्या मराठी शाळेत शिकलेल्या पोरांनी कन्नड विषय घेतलेला असतो, त्यांचं निभावेल. पण औरादचा मुलगा मामाकडे राहून उदगीरला दहावी झाला असेल तर? त्याची जमीन औरादला, मतदान औरादला, आणि कारखान्याच्या गेटवर मात्र तो परका. तोच मुलगा महाराष्ट्रात गेला की तिथल्या कारखान्यात ८० टक्के स्थानिकांचं धोरण आहे आणि तिथं १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात. तेलंगणात तर तो बाहेरचाच. तिन्ही राज्यांना आपला कच्चा माल चालतो, आपले मजूर चालतात. स्थानिक म्हणून मोजायची वेळ आली की मात्र आपण नेमके दोन कागदांच्या मधल्या फटीत पडतो.

हरियाणाचा ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे असे सरसकट कायदे कोर्टात टिकतील का, हा प्रश्न आहेच. पण म्हणून स्थानिकांनी मागायचंच नाही असं नाही. मागायचं ते असं : ज्या गावाची जमीन, पाणी आणि रस्ता वापरला जातो, त्या गावाच्या आसपास राहणारा तो स्थानिक. भाषेनं नाही, राज्यानं नाही, अंतरानं. कारखान्यापासून तीस किलोमीटरवरचा माणूस, मग तो कन्नड बोलो, मराठी बोलो, तेलुगू बोलो की दखनी. अशी व्याख्या मागितली तर कन्नड शेजारी आपल्या विरोधात जाणार नाही, आपल्या बाजूनं उभा राहील. त्यालाही नोकरी हवीच आहे.

आता काही जण म्हणतील, हे सगळं बोलून तू सीमाप्रश्न बोथट करतेस. आधी प्रश्न सुटू दे, मग उद्योगाचं बघू. घरातली मोठी माणसं असंच म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्याचा मला आदर आहे, त्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्यात. पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा जन्मलेलं लेकरू आज कॉलेजात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर गावातली पोरं हैदराबाद, पुणे, बेंगळुरूला गेली, त्यांची लेकरं तिकडच्या इंग्रजी शाळेत गेली, आणि गावातली मराठी शाळा पटाअभावी बंद पडली, तर उद्या निकाल आपल्या बाजूनं लागूनही मराठी बोलायला गावात राहणार कोण? रोजगार हा सीमाप्रश्नापेक्षा वेगळा विषय नाही. भाषा माणसांबरोबर राहते, आणि माणसं कामाबरोबर.

मग करायचं काय? भाषण ऐकून टाळ्या वाजवून बिर्याणी खायला जायचं असेल तर माझी हरकत नाही, पण त्याआधी चार कामं सांगते.

पहिलं काम, तालुक्याची एक पानाची माहिती. कंपनीवाला विचारतो त्या गोष्टी : वादात नसलेली जमीन कुठं आणि किती, वीज उपकेंद्र किती लांब, उन्हाळ्यात पाणी किती, रेल्वे स्टेशनवर माल चढवायची सोय आहे का, आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून दरवर्षी कोणत्या ट्रेडची किती मुलं बाहेर पडतात, कोणतं पीक किती होतं. यातलं बरंचसं तहसील, कृषी खातं, वीज कंपनी यांच्याकडे असतं. नसेल मिळत तर माहितीचा अधिकार आहे. आपण राज्यशास्त्र, वाणिज्य, इंजिनिअरिंग शिकणारी मंडळी. हे एक पान आपल्याला करता येत नसेल तर पदवीचा उपयोग काय?

दुसरं, योग्य दार वाजवायचं. तेलंगणानं २०१४ मध्ये टीएस-आयपास कायदा केला. मोठ्या प्रकल्पांना १५ दिवसांत, इतरांना ३० दिवसांत परवानगी, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. एक खिडकी कर्नाटकातही आहे, महाराष्ट्रातही आहे. पण ती खिडकी राजधानीत उघडते असं समजून आपण बसून राहतो. कर्नाटकात छोट्या प्रकल्पांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरावरच समिती असते. बीदरच्या समितीपुढं आपल्या तालुक्याचे किती प्रस्ताव आले आणि किती पडून आहेत, हे विचारायला बेंगळुरूची गाडी पकडावी लागत नाही.

तिसरं, मोठ्याच्या मागं न लागता जवळच्याकडे जायचं. जीडीमेटला, चेर्लापल्ली, पटणचेरू इथल्या मध्यम कारखान्यांना जागा अपुरी पडते, भाडं परवडत नाही. त्यांच्यात आपल्याच भागातले फोरमन आहेत, सुपरवायझर आहेत, अकाउंटंट आहेत. मालकाला "आमच्याकडे युनिट टाका" हे मंत्र्यापेक्षा त्याचा विश्वासाचा फोरमन जास्त पटवून सांगू शकतो. आणि बाहेरच्याच्या बरोबरीनं घरच्यालाही विसरू नका. आपली तूर आणि सोयाबीन कच्ची बाहेर जाते, डाळ आणि तेल होऊन परत आपल्याच किराणा दुकानात येते. बिदरी कामाला २००६ पासून भौगोलिक मानांकन आहे, जस्ताच्या काळ्या भांड्यावर चांदीची तार बसवणारे हात बीदरमध्येच आहेत. आहे तो धंदा दुप्पट झाला तर तीही नवी कंपनीच म्हणायची.

चौथं, अटी आधी आणि लेखी. ग्रामसभेच्या ठरावात लिहा : सांडपाण्याची तपासणी गावासमोर, अप्रेंटिसच्या जागा आसपासच्या आयटीआयला, स्थानिक म्हणजे अंतरानं स्थानिक, आणि जमीन विकत न देता भाड्यानं देता येते का ते आधी बघायचं. चांगली कंपनी अटींना घाबरत नाही. दर महिन्याला बदलणाऱ्या अटींना घाबरते.

आणि जाता जाता एक : भाषा शिका. कन्नड शिका, तेलुगू शिका. मराठीपण त्यानं कमी होत नाही. तीन राज्यांच्या सांध्यावर राहणाऱ्या, चार भाषा येणाऱ्या पोराला कारखान्यात, गोदामात, बँकेत जी किंमत आहे ती फक्त एक भाषा येणाऱ्याला नाही. सीमेनं आपल्याला त्रास पुष्कळ दिला. एवढी एक कमाईही दिली, ती वापरा.

पुढच्या बैठकीला भाषण कुणाचंच नको. भालकी, औराद, उदगीर, देगलूर, प्रत्येक तालुक्याचे दोघं-तिघं एकत्र बसा आणि ते एक पान घेऊन या. कोरे रकाने राहिले तरी चालतील, कोणता रकाना कोरा राहिला हेही कळायलाच हवं. मग ती पानं शेजारी शेजारी ठेवून बघू, १९५६ साली तुटलेला जिल्हा निदान कागदावर तरी पुन्हा एका बाजारासारखा दिसतो का.